युझुरू हान्यूचा पूह: संग्रहाला सुरुवात कशी करावी

फिगर स्केटिंग नव्याने बघू लागलेला माणूस युझुरू हान्यूचा एखादा प्रोग्रॅम लावतो आणि शेवटच्या मिनिटाला बुचकळ्यात पडतो. संगीत थांबतं, हा सडपातळ जपानी स्केटर चारही बाजूंना वाकून अभिवादन करतो, आणि स्टँडमधून खेळण्यातली पिवळी अस्वलं बरसायला लागतात. लाल शर्टातला विनी द पूह, लहान, मोठा, काही तर दोन हातांत न मावणारे. बघता बघता बर्फाचा निम्मा पांढरा भाग पिवळा होतो. चाहते याला ‘पूहचा पाऊस’च म्हणतात.

याचं मूळ साधं आहे. ज्युनियर गटात असल्यापासून हान्यू सरावाला आणि स्पर्धेला पूहच्या आकाराचं टिश्यूबॉक्सचं कव्हर घेऊन यायचा. रिंकच्या कठड्यावर ते ठेवलेलं असायचं. कॅमेऱ्यांनी ते टिपलं, चाहत्यांनी ओळखलं, आणि फुलांच्या जागी पूह फेकायची पद्धत पडली. ऑलिम्पिकमध्ये जाहिरातीचे नियम कडक असल्यामुळे ते कव्हर तिथे आणता येत नव्हतं. तिथे पूह आणायचं काम प्रेक्षकांनी केलं.

हान्यूच्या आठवणीसाठी असा एखादा पूह घरी हवा, किंवा छोटासा संग्रहच करावा, असं वाटणाऱ्या नवख्यांसाठी हा लेख आहे. पैसे खर्च करण्याआधी एक गोष्ट मनाशी पक्की करा: बर्फावर पडलेले पूह विकायला येत नाहीत. हान्यू ते ज्या शहरात स्पर्धा असेल तिथल्याच मुलांसाठी आणि संस्थांसाठी देऊन टाकत आला. तुमच्या कपाटात येईल तो त्याच पाऊसधारेतला नव्हे, त्याच जातीचा पूह असेल. हे एकदा मान्य केलं की फसवणुकीचे निम्मे रस्ते तिथेच बंद होतात.

पहिली पायरी: आधी तारखा माहीत करून घ्या

खेळणं कुठल्या काळातलं, कुठल्या स्पर्धेशी जोडलेलं, हे ओळखता येत नसेल तर संग्रह नुसता ढीग होतो. म्हणून हा एवढा भाग डोक्यात ठेवा.

हान्यूचा जन्म ७ डिसेंबर १९९४चा, गाव सेंदाई. ११ मार्च २०११ला भूकंप झाला तेव्हा तो सेंदाईच्या रिंकवर सराव करत होता. पायातल्या स्केट्ससकट त्याला बाहेर पळावं लागलं. घराचं नुकसान झालं, कुटुंबाने काही दिवस निवारा केंद्रात काढले, रिंक बंद पडली. पुढे त्याच रिंकला त्याने स्वतःच्या पुस्तकांचं मानधन दिलं. पूह वाटून टाकण्यामागचा स्वभाव समजायला हा तपशील पुरेसा आहे.

२०१४ला सोची आणि २०१८ला प्याँगचांग, अशी सलग दोन ऑलिम्पिक सुवर्णपदकं. पुरुषांच्या एकेरीत असं त्याआधी अमेरिकेच्या डिक बटन यांनी १९४८ आणि १९५२मध्ये केलं होतं, म्हणजे मधे ६६ वर्षं गेली. २०१४ आणि २०१७चं जगज्जेतेपदही त्याच्याकडे. २०२२ला बीजिंगमध्ये तो चौथा आला, पण चौपट ॲक्सलचा, म्हणजे हवेत साडेचार फेऱ्या घेण्याच्या उडीचा, प्रयत्न त्याने तिथे केला. उडी पूर्ण फिरली नाही, तरी अधिकृत नोंदीत ती चौपट ॲक्सल म्हणून गेली. जुलै २०२२मध्ये त्याने स्पर्धा सोडून व्यावसायिक स्केटर व्हायचं जाहीर केलं आणि फेब्रुवारी २०२३मध्ये टोकियो डोममध्ये एकट्याचा आइस शो केला.

पूहच्या पावसाची सगळ्यात गाजलेली दृश्यं दोन ठिकाणची: १७ फेब्रुवारी २०१८, प्याँगचांग ऑलिम्पिकमधलं गांगनुंगचं आइस अरेना, त्याचा ‘सेइमेई’ प्रोग्रॅम, एकूण ३१७.८५ गुण, आणि मार्च २०१९, सैतामाची जागतिक स्पर्धा, जिथे त्याला रौप्य मिळालं. ही दोन्ही चित्रणं नीट बघा. कुठल्या आकाराचे पूह जास्त पडतात, ते कशात गुंडाळलेले असतात, पोरं ते कसे गोळा करतात, हे सगळं दिसतं.

दुसरी पायरी: काय गोळा करायचं ते ठरवा

इथे नवखे सगळ्यात जास्त गोंधळतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पूह हे डिस्नेचं पात्र आहे. दुकानात मिळणाऱ्या साध्या पूहवर हान्यूचं नाव नसतं, त्याचं चित्र नसतं. तो ‘हान्यूचा’ होतो तो फक्त चाहत्यांच्या मनात आणि त्याला घातलेल्या कपड्यांत. त्यामुळे ‘हान्यू स्पेशल अधिकृत पूह’ अशी पाटी लावून कोणी विकत असेल तर परवाना कोणाचा, लेबलावर काय छापलंय, असं सरळ विचारा. उत्तरात टाळाटाळ झाली तर पुढे जा.

साध्या पूहमध्येही प्रकार आहेत. जपानच्या डिस्ने स्टोअरचे पूह शिलाईला नीटनेटके आणि सहज मिळणारे. पहिल्या खरेदीला मी हेच सुचवेन. टोकियो डिस्नेलँडमध्ये पूहची राइड सप्टेंबर २०००पासून आहे, आणि पार्कमधले पूह तिथल्याच दुकानांसाठी बनतात. बाहेर ते पुनर्विक्रीतूनच मिळतात, म्हणून महाग. तिसरे गेम सेंटरमधल्या क्रेनच्या यंत्रातले बक्षिसाचे पूह. यांचं कापड पातळ, भरण हलकं, पण आकार मोठा आणि किंमत कमी. फोटोत मोठा पूह स्वस्तात दिसला तर तो बहुधा बक्षिसाचा असतो. त्यात वाईट काही नाही, फक्त डिस्ने स्टोअरच्या भावाने तो घेऊ नका.

दुसरी शाखा ऑलिम्पिकच्या शुभंकरांची. प्याँगचांगमध्ये स्पर्धा संपल्यावर लगेच जागेवरच विजेत्यांना सुहोरांग हा पांढरा वाघ दिला गेला, पदक नंतर मेडल प्लाझात. त्या वाघाच्या डोक्यावर ‘ओसाह्वा’ होती, म्हणजे कोरियाच्या जोसन राजवटीच्या काळात राज्यसेवेची परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्याला मिळायची ती कागदी फुलांची टोपी. हान्यूच्या हातातल्या फोटोंमुळे ही आवृत्ती त्याच्या चाहत्यांना फार प्रिय आहे. साधा सुहोरांग भरपूर मिळतो. फुलांच्या टोपीचा शोधावा लागतो. टोपी वेगळी करून साध्या वाघाला चिकटवलेली तर नाही ना, हे बघायला विक्रेत्याकडे टोपीच्या खालच्या कडेचा फोटो मागा. गोंदाचा चकाकणारा डाग दिसला की थांबा.

बीजिंगचा बिंग द्वेन द्वेन हा बर्फाच्या कवचातला पांडा. त्याची सोनेरी कड्याची, म्हणजे पाइन, बांबू आणि प्लमच्या माळेची आवृत्ती विजेत्यांना मिळाली. हान्यू तिथे चौथा होता, त्यामुळे त्याच्या पदकाशी या पांड्याचा संबंध नाही. फेब्रुवारी २०२२मध्ये या पांड्याचा एवढा तुटवडा झाला होता की बीजिंगच्या दुकानांपुढे रांगा लागल्या आणि बनावट माल बाजारात भरमसाट आला. हान्यूसाठी म्हणून संग्रह सुरू करत असाल तर पांड्याला शेवटचा नंबर द्या.

तिसरी शाखा चाहत्यांनी शिवलेल्या पोशाखांची. माझ्या मते खरा जीव इथे आहे, त्यावर खाली स्वतंत्र लिहिलंय.

(हान्यूपुरतंच थांबायचं नसेल तर जवळचं एक उदाहरण आहे. २०१८ची महिला विजेती अलिना झागितोव्हा हिला जपानच्या ओदाते शहरातल्या अकिता कुत्र्यांच्या संवर्धन संस्थेने एक पिल्लू भेट दिलं, तिचं नाव मासारू. झागितोव्हाच्या चाहत्यांकडे पूहऐवजी अकिता कुत्र्याची खेळणी दिसतात ती यामुळे.)

तिसरी पायरी: हातात घेऊन तपासा

ऑनलाइन घेणार असाल तरी आधी ओळखीच्या कोणाकडचा अस्सल पूह हातात घेऊन बघा, नाहीतर एखाद्या मोठ्या खेळण्यांच्या दुकानात जा. पूहला उलटा करा. बुडाशी किंवा बाजूच्या शिवणीत शिवलेलं कापडी लेबल सापडेल. त्यावर डिस्नेचं कॉपीराइट चिन्ह, बनवणाऱ्या किंवा आयात करणाऱ्या कंपनीचं नाव, कापडाचा आणि भरणाचा तपशील, बनलेला देश एवढं असायला हवं. छपाई बोटाने घासून बघा, अक्षरं पुसट होऊ नयेत. लेबल शिवणीच्या आतून आलेलं असतं. वरून टाका मारून लावलेलं असेल तर नंतर जोडलेलं आहे.

मग चेहरा. भुवया आणि तोंडाची रेघ भरतकामाची असेल तर दोरे सलग, एका दिशेला पडलेले असतात. नकली पूहचा चेहरा हमखास भुवयांवर फसतो: एक वर, एक खाली, आणि पूहचा तो सौम्य भाव जाऊन अस्वल रागावल्यासारखं दिसतं. शर्टाचा लाल रंगही बघा. ओला पांढरा रुमाल कॉलरच्या आत दोन-तीनदा हलका घासा. रुमाल गुलाबी झाला तर तो रंग उद्या पिवळ्या लोकरीत उतरणार. पोटाची मधली शिवण दाबली की दोरे वेगळे होऊन भरण दिसत असेल तर घेऊ नका.

फोटोवरून घेताना विक्रेत्याकडे चार फोटो मागायचे: समोरून, पाठीमागून, लेबलाचा जवळून, आणि चेहऱ्याचा दिवसाच्या उजेडात. ‘बर्फावरून उचललेला पूह’ असा दावा करणाऱ्याला एकही प्रश्न विचारत बसू नका. वर सांगितलं तसं ते पूह दानात गेलेत. तिकीट, व्हिडिओ, फोटो काहीही दाखवलं तरी नेमका हाच पूह पडला होता हे सिद्ध होत नाही.

चौथी पायरी: जपानमधून मागवणं

भारतात फिगर स्केटिंगच्या वस्तूंना बाजार असा नाही. अस्सल माल जपानच्या पुनर्विक्रीच्या ॲपवर आणि लिलावाच्या साइटवर असतो, आणि तिथले बहुतेक विक्रेते परदेशी पाठवत नाहीत. मधे प्रॉक्सी सेवा लागते. तुम्ही वस्तूची लिंक देता, ते जपानमध्ये खरेदी करून आपल्या गोदामात ठेवतात, तुम्ही सांगाल तेव्हा सगळं एका खोक्यात घालून पाठवतात.

शोधताना काही जपानी शब्द कामाला येतात, भाषांतराच्या ॲपमधून त्यांची जपानी अक्षरं काढून घ्या. ‘नुइगुरुमि’ म्हणजे मऊ खेळणं, ‘शिन्हिन’ नवं, ‘मिशियो’ न वापरलेलं, ‘चूको’ वापरलेलं, ‘कामितागु’ कागदी टॅग. वर्णनात ‘जंक’ लिहिलं असेल तर जसं आहे तसं, तक्रार चालणार नाही. घरात सिगारेट ओढतात का, पाळीव प्राणी आहेत का, हेही बरेच जपानी विक्रेते प्रामाणिकपणे लिहितात. ती ओळ नक्की वाचा, कारण खेळण्यातला धुराचा वास धुऊनही पटकन जात नाही.

किंमत बघताना मागितलेला भाव सोडा आणि ‘विकलं गेलं’ असं दाखवणाऱ्या जुन्या नोंदी उघडा. दहा-बारा नोंदी पाहिल्या की चालू भावाचा अंदाज येतो. हान्यूची एखादी मोठी बातमी आली की पूहचे भाव काही आठवडे वर जातात. तेव्हा थांबलेलं बरं.

खरा धक्का असतो पाठवणीचा. पूह हलका पण जागा खाणारा. खासगी कुरिअर वजन आकारमानावर धरतात: लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि ५०००ने भागायचं. ४० बाय ३० बाय ३०चं खोकं घ्या. गुणाकार ३६,०००, भागाकार ७.२. म्हणजे आत अर्ध्या किलोचं अस्वल असलं तरी पैसे ७.२ किलोचे. जपान पोस्टची ईएमएस सेवा प्रत्यक्ष वजनावर चालते, म्हणून मऊ खेळण्यांना ती परवडते. प्रॉक्सीच्या पानावर दोन्ही पर्याय उघडून तुलना करा.

जागा वाचवायला हवा काढलेल्या पिशवीत दाबून पाठवायचा पर्याय काही प्रॉक्सी देतात. मी तो घेऊ नका म्हणेन. आठ-दहा दिवस दाबलं गेलेलं भरण गोळा होतं आणि नाकाभोवतीची लोकर बसते ती बसतेच.

पाचवी पायरी: कस्टम

इथे आशेवर राहू नका, हिशेब आधी करा. भारतात खेळण्यांच्या आयातीवरचं मूळ शुल्क २०२०मध्ये २० टक्क्यांवरून ६०वर आणि २०२३मध्ये ७०वर नेलं गेलं. वैयक्तिक वापरासाठी आलेल्या पार्सलला दर वेगळ्या शीर्षकाखाली लागतो आणि अर्थसंकल्पागणिक आकडे हलतात, म्हणून पार्सल निघण्याआधी चालू दर कुरिअरकडून किंवा पोस्टातून विचारून घ्या आणि तेवढी रक्कम बाजूला काढून ठेवा. ‘गिफ्ट’ लिहिलं की सुटतं हा समज जुना झाला. पाच हजार रुपयांपर्यंतच्या भेटींची सवलत डिसेंबर २०१९मध्ये राखी आणि जीवरक्षक औषधं वगळता काढून टाकली आहे.

१ जानेवारी २०२१पासून आपल्याकडे खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. जपानच्या बाजारासाठी बनलेल्या पूहवर ते नसतं. वैयक्तिक म्हणून एक-दोन मागवलेली वस्तू आणि एकसारखे सहा पूह यांच्याकडे अधिकारी सारख्या नजरेने बघत नाहीत. सहा एकदम मागवले की व्यापारी माल समजून अडकण्याची पाळी येते. मैत्रिणींनी मिळून एकत्र ऑर्डर देण्याचा मोह होतो, पण प्रत्येकीने आपापल्या नावावर, आपापल्या केवायसीवर मागवा. किंमत खरी लिहा, खरेदीची पावती मोबाइलमध्ये ठेवा.

सगळ्यात सोपा मार्ग अर्थात माणसाचा. टोकियोच्या निशि-कासाई भागात भारतीयांची मोठी वस्ती आहे, त्यात मराठी घरंही आहेत. कोणाची वहिनी, कोणाचा मावसभाऊ दिवाळीला येतच असतो. जपानमधल्या पत्त्यावर मागवून त्यांच्या बॅगेतून आणलं तर पाठवणीचा खर्च वाचतो आणि प्रवाशाच्या सामानाला मर्यादेपर्यंत शुल्कमाफीही असते. फक्त आधी विचारा आणि मापं सांगा. ‘छोटंसं अस्वल’ म्हणून ५० सेंटिमीटरचा पूह त्यांच्या दारात पोचवू नका.

सहावी पायरी: पोशाख

पूहला ‘सेइमेई’चा पोशाख शिवणं ही चाहत्यांची जुनी हौस. मूळ पोशाख प्राचीन जपानमधल्या हेइआन काळच्या दरबारी वस्त्रांवर बेतलेला: पांढरा, रुंद बाह्यांचा, सोनेरी नक्षीचा. बाह्या मोठ्या असल्यामुळे पूहच्या आखूड हातांनाही तो शोभतो. नवख्यांनी याच्यापासूनच सुरुवात करावी, अंगाला चिकटून बसणारे पोशाख पूहच्या पोटावर अवघड जातात.

मापं घेताना छातीऐवजी पोटाचं माप मुख्य धरा आणि त्यात दीड-दोन सेंटिमीटर जास्त सोडा. अस्तराला मऊ सुती, वरून ऑर्गंझा. पाठीमागे उघडा ठेवून वेल्क्रो लावा, आणि वेल्क्रोची खरखरीत पट्टी बाहेरच्या बाजूला येऊ द्या. आत आली तर दर वेळी पाठीची लोकर उपटते. सोनेरी नक्षी जरीच्या दोऱ्याने साखळी टाक्यात घातली की उठून दिसते. ग्लूगन वापरू नका. गरम गोंद लोकरीला लागला तर तेवढा भाग कापूनच काढावा लागतो. डोकं मोठं असल्याने कपडा वरून जात नाही, पायांकडून चढवा.

असे पोशाख स्वतःसाठी, मैत्रिणीसाठी शिवण्यात आनंद आहे. विकायला बसलात तर डिस्नेचं पात्र आणि हान्यूचं नाव या दोन्हींच्या हक्कांचा प्रश्न येतो, म्हणून जाहिरातीत ही नावं वापरून धंदा करू नका.

सातवी पायरी: पावसाळा

नागपूरकरांना फारसा त्रास नाही, पण मुंबई, कोकण आणि गोव्यात जून ते सप्टेंबर हा पूहचा कठीण काळ. हवेतल्या ओलाव्याने आतलं भरण कुबट होतं आणि लोकरीवर बुरशीचे करडे ठिपके येतात. झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा आणि उघडीप मिळाली की दोन तास पंख्याखाली काढा. ऊन नको, लाल शर्ट विटतो. डांबरगोळ्या थेट डब्यात टाकू नका, वास वर्षभर राहतो. सुती पुरचुंडीत लवंगा बांधून ठेवल्या तर पुरे. वापरलेलं खेळणं घरात आल्यावर आधी प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून तीन दिवस फ्रीजरमध्ये ठेवावं, कसर किंवा तिची अंडी असतील तर मरतात. धुवायचं तर हाताने, थंड पाण्यात, सौम्य साबणाने, आणि पिळायचं नाही. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचं.

फेकायचा असेल, द्यायचा असेल

कधी परदेशात स्पर्धा प्रत्यक्ष बघायचा योग आला तर पूह नेण्याआधी त्या स्पर्धेचे नियम वाचा. कोविडनंतर अनेक ठिकाणी बर्फावर काहीही फेकायला मनाई आहे, त्याऐवजी भेटवस्तूंसाठी पेट्या ठेवतात. जिथे परवानगी असते तिथे खेळणं पारदर्शक प्लॅस्टिकमध्ये पूर्ण बंद करून न्यायचं. एखादा धागा किंवा मणी बर्फावर राहिला तर पुढच्या स्केटरचं पातं त्यात अडकून तो पडू शकतो. पुढच्या स्केटरचं नाव पुकारलं की फेकणं बंद.

इथे राहून त्याच परंपरेत भाग घ्यायचा तर संग्रहासाठी एक पूह घेताना दुसरं एखादं साधं, नवं, आयएसआय चिन्हाचं मऊ खेळणं जवळच्या बालगृहासाठी घ्या. नेण्याआधी फोन करून मुलांची वयं विचारा. तीन वर्षांखालची मुलं असतील तर मण्यांचे डोळे असलेलं नको, भरतकामाचे डोळे असलेलं घ्या. रुग्णालयाच्या बालविभागात द्यायचं असेल तर पाकीट न फोडता न्या, जंतुसंसर्गाच्या भीतीने वापरलेली मऊ खेळणी तिथे सहसा घेत नाहीत.